वरचा दात अन् देवका काकीचा डोळा

धानाच्या मिलच्या मागं राखेचा ढीग होता, तो आता नाही. तिथं कोनीतरी तुरी लावल्या हाये, चार ओळी, अन् भवताल काटे टाकले बकऱ्या येऊ नये म्हून. मी माह्या लेकीले, आरूले, कडेवर घेऊन तिथंच उभी राहिली. पाच वर्साची झाली ती, कडेवर बसाचं वय नाही तिचं, पाय माह्या गुडघ्यापर्यंत लोंबतात, पन गाल असा सुजला हाये का तिले खाली ठेवावंसंच वाटत नाही. उजवा गाल. वरची दाढ. सोमवारी ती काढाची हाये अन् मले भेव लागून राहिलं, दाताचं नाही, डोळ्याचं.

सांगूनच देते काय ते, नाहीतर मी बोलत जाईन अन् तुम्हाले काही कळनार नाही. आमच्या इकडं सगळे म्हनतात का वरचा दात काढला का डोळा जाते. वरच्या दाताची नस डोळ्याले गेली असते म्हने. माह्या सासूबाई म्हनतात, माही माय म्हनते, अड्याळच्या बजारात वांगे घेताना ओळख ना पाळख अशी एक बाई बी आरूचा गाल पाहून म्हनली. अन् ते सगळे ऐकलेलं सांगतात, मी तं पाहलं हाये. देवका काकी. या करडीतच, माह्या माहेरात, या राखेच्या ढिगाजवळच. तिचा एक डोळा पांढरा सफेद, शिजलेल्या मासोळीचा असते तसा. गावात सगळ्याईले माहीत, काकीनं दात काढला अन् डोळा गेला. तो डोळा पाहत पाहत मी लहानाची मोठी झाली. मंग मले भेव नाही लागनार तं काय होईल.

दिवाळी होऊन गेली. हलका धान कापून झाला, भारी धान उभा हाये. माहेरी आली म्हनलं का मन मोकळं होते, पन यावेळी मनात सोमवारच. तरी पन पाहा, मिलचा वास आला अन् मी थांबली. उसना, म्हंजे उकडून मंग भरडाचा, धान शिजून राहिला असन बॉयलरात. तो वास ज्याले माहीत त्यालेच माहीत. आंबटसा, गोडसा, ओल्या पोत्यासारखा, अन् त्यात धूर. आरूनं नाक दाबलं. म्हने, "आई, कायचा गंदा वास हाये?" मी म्हनलं, "गंदा नाही बेटा, हा माहा वास हाये."

राख तवा या मिलीची शान होती. धानाचा भुसा बॉयलरात जळे अन् मागून राख निंघे, ढिगानं निंघे. वरची काळी, आतली पांढरी. हात घातला तं आत गरम. थंडीच्या दिवसात कुत्रे त्यात गोल होऊन झोपत अन् सकाळी उठले का अर्धे पांढरे, अर्धे काळे. आमी पोट्टे बी त्यातच पाय खुपसून बसत होतो. पायाच्या बोटाईच्या मधात ती गरम राख जाये ना, अशी मऊ, का शाळेत जावंसंच नाही वाटे. आता ती राख ट्रकात भरून कुठं कुठं नेतात म्हने, ढीग होऊच देत नाही. ठीक हाये, कोनाच्या तरी कामी येत असन. पन आमच्या वेळी ती आमच्या दाताची होती.

देवका काकी मिलमधी धान वाळवाच्या कामावर होती, माह्या मायसोबत. शिजलेला धान सिमेंटच्या पटांगनात पसरवत अन् मंग बाया त्याच्यातून पाय घासत चालत, एका मागं एक, लुगडं वर खोसून, म्हंजे खालचा धान वर येते. वरून पाहलं तं पटांगनात रेघाच रेघा. धानातून वाफ निंघे अन् त्या वाफेत बाया, अर्ध्या दिसत अर्ध्या नाही. मी मिलच्या भिंतीवर बसून मायचे पाय ओळखो. मायचे पाय वाकडी रेघ काढत, काकीची रेघ सरळ. एका डोळ्यानं इतकी सरळ रेघ ती कशी काढे मले नाही माहीत.

अन् सकाळी, कामावर जायच्या आधी, काकी आमचे दात घासून घे. तिले कोनी सांगतलं नव्हतं. तिचं लेकरू नव्हतं, म्हून असन, का तिले आवड होती म्हून, काय असन ते. ढिगातली पांढरी राख काढे, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळे, अशी बारीक का फुक मारली तं उडून जाईल. त्यात मीठ. त्यात बाभळीच्या सालीचा भुका. कोनाच्या घरून लवंग भेटली तं लवंग कुटून. मंग आमी रांगेत. डावा हात पुढं. एक चिमूट. उजव्या बोटानं घासाचं, अन् नहराच्या काठावर बसून घासाचं, कोनी बोलाचं नाही. दहा-बारा पोट्टे उकिडवे बसलेले, तोंडं राखेनं भरलेली, अन् एकच आवाज, कचकचकच, जसा काही बैलाईचा कळप कडबा खाऊन राहिला. नहराचं पानी मंद जाये. थुंकलं का त्यात राखाडी वेटोळी होऊन लांब होत जात. बारके मासे येऊन तोंड लावत अन् पळत. आमी हासो, म्हने आता मासोळीचे दात बी पांढरे होतात.

घासून झालं का काकीपुढं उभं राहाचं, सूर्याकडं तोंड करून.

"ई कर."

ई करा लागे. काकी हनुवटी धरून इकडं वळवे, तिकडं वळवे. राखेनं खरखरीत झालेली तिची बोटं, त्याले उसन्या धानाचा वास. मागचं राहलं असन तं परत पाठवे. अन् कोनी कंटाळा केला ना, तं ती काही मारे नाही, रागवे नाही. हळूच म्हने, "नाही घासल तं किडल. किडल तं काढा लागल. काढल तं मंग..." अन् एका बोटानं आपल्या पांढऱ्या डोळ्याची पापनी वर करे. बस. आमी किंचाळत नहराकडं, अन् पुन्हा कचकचकच.

करडीच्या पोरी दातावरून ओळखू येतात, असं म्हनत तवा. खरंच म्हनत. आठवी झाली अन् माही शाळा सुटली, काहून सुटली ते जाऊ द्या, अन् चार-पाच वर्सानं अड्याळचे लोक मले पाहाले आले. नाव विचारलं, सयपाक येते का विचारलं, मंग यायच्या, म्हंजे माह्या नवऱ्याच्या, मोठ्या आत्यानं म्हनलं, "हास वं बाई थोडी." मी लाजली. माय पडद्यामागून म्हने, "हास ना!" मी हासली. आत्याबाई म्हने, "राखेचे दात हाये, पक्के." झालं, जमलं. लग्नाच्या फोटूत बाकी सगळं फिकं पडलं आता, साडीचा लाल गुलाबी झाला, पन माहे दात अजून चमकून राहिले. मी कोनाले सांगत नाही पन कधी कधी एकटीच पेटी उघडून पाहते.

तं ही अशी मी. राखेच्या दाताची. अन् माही लेक, पाच वर्सात दाढ किडवून बसली.

मागच्या आठवड्यात आमी तुमसरले गेलो, दाताच्या दवाखान्यात. ती खुर्ची आपोआप झोपते ना, आरूले वाटलं पाळनाच हाये, ती चढून बसली बी. मॅडम माह्याएवढ्याच असतील, का लहानच. तोंडाले पट्टी, डोळेच दिसत, अन् डोळे हासरे. त्याईनं बारीक आरसा घालून पाहलं. मंग मले विचारलं, "रात्री झोपताना काय देता? बाटलीतून दूध?"

मी पटकन म्हनलं, "नाही मॅडम, आता मोठी झाली ना."

खुर्चीतून आरू म्हने, "देते ना! साखर टाकून देते. अन् बिस्कूट बी."

मले वाटलं भुईनं पोटात घ्यावं. मॅडम हासल्या, पन काही लागनारं बोलल्या नाही. म्हने, "सगळेच देतात हो ताई. दूध पिऊन झोपलं की ते गोड रात्रभर दातांवर राहतं. दूध द्या, पण साखर नको, आणि नंतर दात घासून मगच झोपवा. आणि तुम्ही स्वतः घासून द्या, तिच्यावर सोडू नका. ब्रश मऊ, पेस्ट वाटाण्याएवढी, बस."

मी म्हनलं, "मी घासतेच ना मॅडम. राखेनं घासते. माहेरची राख हाये."

खरंच घासत होती मी. मायनं जुन्या डब्ब्यात भरून ठेवली होती, तीच सासरी नेली होती. पेस्टीच्या ट्यूबवर माहा विस्वासच नव्हता, त्याचा फेसच फेस. राखेनं जे चमकते ते फेसानं कसं चमकन? मॅडम म्हने, "तुमचं तोंड उघडा बघू." मी उघडलं. त्या म्हने, "थंड पाणी लागतं ना?" मी म्हनलं, "लागते." त्याईले कसं कळलं मले नाही माहीत, मी तं कोनालेच सांगतलं नव्हतं, दोन वर्सापासून मी पानी कोमट करून पिते. म्हने, "राखेनं मळ निघतो, पण दातावरचं टणक कवचही घासून जातं. मोठ्यांचंच जातं, तर पोरीचे दात किती नाजूक."

बाप्पा. मले त्या दिवशी कितीदा शरम वाटावी त्याची हद्दच नव्हती.

मंग मॅडम म्हने, आत पू झाला हाये, दाढ वाचनार नाही, काढा लागन. पाच दिवस औषध, सूज उतरली का सोमवारी या. मी आरूचा हात धरला. मी म्हनलं, "मॅडम, वरची हाये ना ती..." अन् माह्या तोंडून पुढचं निंघेना. त्याईनंच म्हनलं, "डोळा ना? ताई, दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. डोळ्याला काही होत नाही. उलट पू तसाच ठेवला तर ताप वाढेल, सूज वर चढेल, वरून येणारा पक्का दात खराब होईल." मी मान हलवली. पन मान हलवनं मानेचं काम हाये, पोट कुठं ऐकते.

मायच्या घरी आली तं फोन. सासूबाई म्हने, "तिकडं माहेरात जाऊन भलतंसलतं करजो नोको. वरचा दात हाये. पोरीची जात, डोळा गेला तं जलमभर तुलेच म्हनन." रागानं नाही म्हनल्या, भेवानं म्हनल्या, नात हाये ना ती. यायले फोन केला तं हे म्हने, "मॅडम शिकेल हाये, तू कायले डोकं लावतं?" अन् ठेवून दिला. दोन मिनिटानं यायचाच फोन, "पन तू नीट विचारलं ना? वरचा हाये म्हून सांगतलं ना?" मी म्हनलं, "सांगतलं." तिकडून ट्रॅक्टरचा आवाज येऊन राहिला होता, इकडून मिलचा.

आईतवारी सकाळी आरू उठली तं सूज बरीच उतरली होती अन् तिनं दोन घास वरन-भात खाल्ला. मी मायले म्हनलं, "मी काकीकडं जाऊन येते." माय म्हने, "जाय. पन डोळ्याचं नोको विचारू, तिले वाईट वाटन." मी म्हनलं, "तेच तं विचारले चालली."

काकीचं घर मिलच्या पलीकडं, बोडीच्या पाळीखाली, म्हंजे लहान तळ्याच्या बांधाखाली. उन्हात पोतं टाकून बसली होती अन् खट्ट्या अंबाडीची बोंडं सोलून राहिली होती. बोटं लाल. मी किती वर्सानं पाहली तिले. लहान झाली होती, आपन मोठे झालो का मानसं लहानच होत जातात वाटते. डोळा तसाच.

"कोन वं?"

"मी वं काकी. मिलवाल्या सखूची पोरगी."

तिनं कशी हाये, कवा आली, काही विचारलं नाही. म्हने, "ई कर."

मी पाच वर्साच्या लेकीची आई, उन्हात उभी राहून ई केली. तिनं हनुवटी धरली, सूर्याकडं वळवली. बोटाले अंबाडीचा आंबट वास. आरू माह्या मागून पाहून राहिली होती का हे काय चाललं.

"झिजले वं माय तुहे," काकी म्हने. "लय जोर लावे तू. तवाच सांगो मी तुले, दात हाये ते, घोडा नोको खरारू."

मी हासली, मंग मले रडू आलं, मंग दोन्ही संग. मी खाली बसली अन् एका दमात सगळं सांगून टाकलं, गाल, पू, सोमवार, मॅडम, सासूबाई. अन् म्हनलं, "काकी, खरं सांग, दात काढला तवा तुहा डोळा किती दिवसानं गेला?"

काकीचे हात थांबले.

काकीच्या तोंडी ळ येत नाही, र येते, जुन्या मानसाईच्या तोंडी येतच नाही आमच्याकडं, डोळ्याले ती डोरा म्हनते. म्हने, "दातानं डोरा गेला म्हून कोनी सांगतलं तुले?"

"सगळेच म्हनतात. तूच म्हने ना, काढल तं मंग... अन् डोळा वर करे."

"मी कई म्हनली दातानं गेला? मी तं निस्ता डोरा दाखवो!"

अन् हासाले लागली. अशी हासली का ठसका लागला, मी पाठ चोळली. मंग डोळे पुसत म्हने, "चुरन्यात गेला वं तो. धानाचं कुसर, सुईसारखं टोक. मी तुह्याएवढी बी नव्हती. बैलं फिरून राहिले होते धानावर, मी पाखडून राहिली होती, वारा फिरला अन् भक्कन डोऱ्यात. पदरानं खसाखसा चोरला. मंग कोनी एरंडीचं तेल टाका म्हने, टाकलं. कोनी काय म्हने ते टाकलं. पंधरा दिसात पांढरा. दात तं मंग लय वर्सानं काढला, अड्यारच्या बजारात." मंग तोंड उघडलं, बोट घातलं अन् दाखवलं. "अन् तो बी खालचा."

मी पाहतच राहिली. खालची बाजू. रिकामी हिरडी, वर तीन दात अजून उभे, राखेनं घासलेले, पांढरे.

"मंग सांगतलं काहून नाही वं काकी? गाव सारं दातानं गेला म्हनून राहिलं इतके वर्स!"

"सांगतलं ना. दोन-चार जनाईले सांगतलं. लोकाईले कुसराची गोष्ट नाही आवडली, कुसर तं सगऱ्याईच्याच डोऱ्यात जाते. दाताची आवडली. अन् तुमी पोट्टे तं अशे भेऊन दात घासत, का माहं काम सोपं झालं." तिनं एक बोंड सोललं, टोपल्यात टाकलं. "म्या म्हनलं, फुकटात गेला डोरा, कोनाच्या तरी कामी येऊ दे."

उन्ह चांगलं तापलं होतं. बोडीवरून थंडा वारा येऊन राहिला होता अन् पलीकडं कोनाच्या तरी वावरात धान काढनीची मशीन चालू होती. मले एकदम आठवलं. चुरन्याचे दिवस आले का काकी आमाले जवळ फिरकू देत नव्हती. मोठ्यानं वरडे, "डोरे झाका रे पोट्टेहो!" अन् आमी पोट्टे एकमेकाच्या तोंडावर हात ठेवून खिदळत बसो, वाटे खेळच हाये. वारा आला का ती आपल्या पदरानं जो पोट्टा जवळ असन त्याचं तोंड गुंडाळून टाके. माहं बी कितीदा गुंडाळलं. त्या पदराच्या आत अंधार, धानाचा वास, अन् बाहेर बैलाईच्या घुंगराचा आवाज. काहून गुंडाळते ते आमी कधी विचारलंच नाही. विचारलं असतं तं तिनं सांगतलं असतं.

काकीनं आरूले बोलावलं. "तू ई कर."

आरूनं आधी माह्याकडं पाहलं, मंग डोळ्याकडं पाहलं, मंग तिनं ई केली, गाल दुखते म्हून एकाच बाजूनं. काकीनं हात नाही लावला. निस्तं पाहलं.

"काढून टाक," मले म्हने. "अन् राख नोको लावू हिले. कवरे दात हाये. आमच्या जवर तवा दुसरं काही नव्हतं म्हून लावली राख. आता ब्रस मिरते ना?"

"मिळते."

"मंग?"

मी तिच्या पोत्यावर सरकून बसली अन् एक बोंड सोलाले घेतलं.

सोमवारी आमी तिघी गेलो, मी, माय अन् आरू. भेव पूरं गेलं होतं असं नाही म्हनत मी. भेव काही पाहुना नाही का चहा पाजला अन् उठून गेला. बसमधी मी आरूले इतकी घट्ट धरली का ती म्हने, "आई, माही हड्डी." पन मी गेली. खुर्चीजवळ उभी राहिली. दवाखान्यात लवंगीचा वास येऊन राहिला होता, मी इतका वेळ तिथं होती मागच्या वेळी अन् तेव्हा भेवानं तो वास बी नाही आला मले. सुई टोचली तवा आरू एकदा जोरात ओरडली, मायनं बाहेरून "वो माय!" म्हनलं, अन् मंग मॅडमनं काय केलं ते मी पाहलंच नाही, मी आरूच्या डोळ्याकडंच पाहून राहिली होती. उजव्या. तो झाकला, उघडला, पान्यानं भरला, माह्याकडं पाहलं त्यानं. झालं, मॅडम म्हने. इतक्यात झालं?

कापसात दाढ. बारीकशी, मधात भुरं बीळ. इतक्याशा जिवानं आठ दिवस माही झोप खाल्ली होती.

मी आरूचा डावा डोळा हातानं झाकला अन् दोन बोटं दाखवली. "किती?" तोंडात कापूस, बोलता येत नाही, तिनं दोन बोटं दाखवली. मी चार दाखवली, तिनं चार. मी मागं सरकून तीन दाखवली. मॅडम म्हने, "ताई, आता घरी जाऊन खेळा." मंग म्हने, "अन् तुम्ही पण यायचं आहे हं, थंड पाण्याचं बघू." मी म्हनलं, "येईन." अन् पाहा, खरंच मनातून म्हनलं.

बसच्या खिडकीतून मी विचारतच होती. तो तारावर काय बसला? नीलकंठ, तिनं हातानं पंख करून दाखवले. तिकडं वावरात किती बाया? तिनं मोजल्या, पाच बोटं अन् अजून दोन. माय म्हने, "पोरीले मरू देशीन का विचारून विचारून!"

घरी आलो तं मायनं गोठ्यातून शेनाचा बारीक गोळा आनला. दाढ त्यात घालाची अन् कवेलूवर फेकाची, उंदराले सांगाचं का आमचा जुना घे, तुहा नवा दे. माह्या बी वेळी असंच केलं होतं मायनं. आता घरावर स्लॅब आला, पन गोठ्यावर कवेलू हाये अजून. तोपर्यंत आरूच्या तोंडातला कापूस निंघाला होता. तिनं गोळा हातात घेतला, नाक मुरडलं, अन् फेकला. कवेलूवर पडला अन् फुटला. शेन एकीकडं, दाढ कुठं गेली कोन जाने.

माय म्हने, "गेला उंदराले."

"नाही गेला," आरू म्हने. "तिथं हाये ना."

"कुठं?"

"ते का. फुटकं कवेलू हाये, त्याच्या बाजूनं. वरच्या रांगेत."

मी कपाळाले हात लावून पाहलं. कवेलूच कवेलू, लाल, काळे, शेवाळलेले, वाळलेली पानं. मायनं पाहलं. आमाले दोघीले काहीच दिसलं नाही. मले वाटलं लेकरू हाये, वाटन ते सांगून राहिली. पन मंग म्हनलं काही भलतंच तं दिसून नाही राहिलं तिले. मी तिच्या मागं बसली, डावा डोळा हातानं झाकला. म्हनलं, "आता सांग."

"आई, हात काढ ना! तिथंच हाये. दांडीनं पाहा ना आजी."

मायनं बांबूची काठी आनली, टाचा वर केल्या, अन् आरू खालून सांगे, "अजून वर. इकडं. नाही, इकडं. आता." मायनं काठी हलवली. टक. काहीतरी कवेलूवरून टनटनत आलं अन् माह्या पायापाशी आंगनात पडलं. मी उचललं. दाढ होती. भुऱ्या बिळाची, जोंधळ्याच्या दान्याएवढी. मी ती तळहातावर घेऊन बसूनच राहिली, अन् मायनं पदर तोंडाले लावला, हासून राहिली का रडून मले समजलं नाही.

आरू मात्र भडकली. पाय आपटले तिनं. "आजी! खाली काहून पाडली? आता उंदीर कसा नेईन?"

"अवं, तूच म्हनली ना पाहा म्हून!"

"पाहा म्हनली, पाड नाही म्हनली!"

तिनं माह्या हातातून दाढ ओढली, दोन पावलं मागं गेली, जीभ बाहेर काढली अन् अंगात होता नव्हता तो जोर लावून फेकली. यावेळी आवाज बी नाही आला. आमी तिघी वर पाहून राहिलो.

मी हळूच म्हनलं, "कुठं पडली वं, आरू?"

तिनं माह्याकडं पाहलं, दोन्ही डोळ्यानं, अन् हात मागं बांधले.

"मी नाही सांगत," म्हने. "तूच पाहा."